लाळ आटते, आतडंही थबकतं : ॲट्रोपिनच्या कुळातल्या औषधांबद्दल वाचकांचे प्रश्न

या वेळची बरीच पत्रं एकाच औषधगटाबद्दल आहेत : ॲट्रोपिन, ग्लायकोपायरोलेट, हायोसिन, डायसायक्लोमीन. मज्जातंतूच्या टोकाशी ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन सुटतं. ते ग्रंथींना पाझरायला आणि आतड्याच्या स्नायूंना आवळायला सांगतं. हा निरोप पेशीवरच्या ज्या जागी पोचतो तिला मस्करिनिक रिसेप्टर म्हणतात, आणि ही औषधं तीच जागा अडवून बसतात. तत्त्व एवढंच आहे. पण गाय, घोडा, मांजर आणि ससा यांच्यात परिणाम इतका बदलतो की एका प्राण्यावरचा अनुभव दुसऱ्यावर वापरला की घात होतो. खाली दिलेल्या मात्रा पशुवैद्यकांसाठी आणि विद्यार्थ्यांसाठी आहेत. पशुपालकांनी त्या वाचून स्वतः सुई टोचू नये.

प्रश्न : सशाच्या लहान आतड्याचा तुकडा ऑर्गन बाथमध्ये (अवयव जिवंत ठेवणाऱ्या कोमट द्रावणाच्या भांड्यात) टांगून ॲसिटिलकोलीन दिलं की तो आवळतो, आधी ॲट्रोपिन दिलं तर आवळत नाही. इथपर्यंत समजलं. पण ॲट्रोपिननंतरही तुकडा लयीत हलतच राहतो आणि बेरियम क्लोराइड घातलं की पुन्हा जोरात आवळतो. मग ॲट्रोपिन आतडं बंद करतं असं का शिकवतात? (पशुवैद्यकीय अभ्यासक्रमाचा विद्यार्थी)

उत्तर : ॲट्रोपिन स्नायू बंद करत नाही, स्नायूला येणारा एक निरोप बंद करतं. हा फरक तुमच्या प्रयोगात डोळ्यांनी दिसतो, म्हणून तो प्रयोग आम्हाला फार मोलाचा वाटतो.

दोन-तीन सेंटिमीटरचा तुकडा, ३७ अंश सेल्सिअसला ठेवलेलं टायरोड द्रावण (क्षार आणि ग्लुकोज असलेलं पाणी), तळातून येणारे हवेचे किंवा ऑक्सिजनचे बुडबुडे. वीस ते तीस मिनिटं स्थिरावू दिलं की तुकड्याला जोडलेली, हालचाल नोंदवणारी लेखणी मिनिटाला साधारण १० ते १५ वेळा वर-खाली होऊ लागते. ही लय मेंदूकडून पोटाकडे येणाऱ्या व्हेगस मज्जातंतूची नाही, तो तर तुकडा कापतानाच मागे राहिला. आतड्याच्या भिंतीत काहालच्या पेशींचं जाळं असतं, ते विजेच्या मंद लाटा सोडत राहतं. कुत्र्याच्या जठरात अशा लाटा मिनिटाला पाचच्या आसपास असतात, जठराला लागून असलेल्या आतड्यात अठरा ते वीस. लाट आली म्हणजे स्नायू आवळलाच असं मात्र नाही. लाटेच्या माथ्यावर स्नायू किती जोर लावणार, हे त्या क्षणी तिथे किती ॲसिटिलकोलीन सुटलं आहे यावर बऱ्याच अंशी ठरतं. ॲट्रोपिन लाटेला हात लावत नाही, तिच्यामागचा जोर काढून घेतं. सशाचा तुकडा बाथमध्ये स्वतःच्या बळावर बऱ्यापैकी हलतो म्हणून तुम्हाला लय दिसत राहते. जिवंत जनावरात अन्न पुढे सरकवायला भिंतीतल्या मज्जातंतूंनी एका बाजूला आवळायला आणि पुढच्या बाजूला सैल पडायला सांगावं लागतं. त्यातला आवळण्याचा निरोप गेला की लाटा असूनही अन्न जागच्या जागी राहतं. 'आतडं बंद पडलं' असं म्हणतात ते या अर्थाने.

बेरियम रिसेप्टरच्या वाटेला जातच नाही, ते थेट स्नायूवर काम करतं. म्हणून ते प्रयोगाच्या शेवटी घालायचं. तुकडा अजून जिवंत आहे आणि ॲसिटिलकोलीनला तो दाद देत नाही ते केवळ जागा अडवल्यामुळे, याचा तो पुरावा असतो.

बिघडतं ते बहुधा तीन ठिकाणी. द्रावण बनवताना कॅल्शियम क्लोराइड बाकीच्या क्षारांबरोबर एकदम टाकलं तर बायकार्बोनेटशी जुळून गढूळपणा येतो. ते वेगळं विरघळवून, बाकीचं द्रावण पातळ केल्यावर, शेवटी हळूहळू मिसळायचं. दुसरं, पाणी दोन-तीन अंशांनी जरी थंड झालं तरी लय मंदावते आणि विद्यार्थी तो औषधाचा परिणाम समजून बसतो. तिसरं, ॲट्रोपिन एकदा बसलं की दोन-तीन धुण्यांत सुटत नाही. त्यामुळे ॲसिटिलकोलीनच्या वेगवेगळ्या मात्रांची सगळी वाचनं ॲट्रोपिनच्या आधीच उरकून घ्यावी लागतात.

प्रश्न : कुत्र्याला जुलाब होत होते. घरात पोटदुखीसाठी ठेवलेली डायसायक्लोमीन द्यावी का असं विचारलं, तर डॉक्टरांनी साफ नको म्हटलं. माणसाच्या पोटातली कळ तिने थांबते, मग कुत्र्याला काय अडचण?

उत्तर : डॉक्टरांनी योग्य तेच सांगितलं.

आतड्याच्या हालचाली मुख्यतः दोन तऱ्हेच्या. एकीत अन्न पुढे ढकललं जातं. दुसरीत आतड्याला जागोजाग वळ्या पडतात, अन्न त्या वळ्यांमध्ये मागे-पुढे घोळलं जातं, रस मिसळतात, पाणी शोषलं जातं. या वळ्याच प्रवाहाला बांध घालतात. जुलाब होतात तेव्हा आतडं फार जोरात हलत असेल असं सगळ्यांना वाटतं. पुष्कळदा उलट असतं : वळ्या पडणं कमी झालेलं असतं आणि आतडं सैल नळी झालेलं असतं. तिच्यातून पातळ पाणी विनाअडथळा खाली येतं. अशा वेळी ॲट्रोपिनच्या कुळातलं औषध दिलं तर उरल्यासुरल्या वळ्याही जातात. त्यातच पुढे ढकलण्याची ताकद गेल्याने पाणी, जंतू आणि त्यांचं विष आतड्यात साचून राहतं. पाणी आतड्यात साचलं म्हणजे ते शरीरातून गेलंच. जुलाब दिसले नाहीत एवढाच फरक. शिवाय जंतूंच्या विषामुळे आतड्याच्या आवरणातून जो स्राव होतो, तो बराचसा ॲसिटिलकोलीनशिवायच्या वाटेने होतो, तो या औषधाने थांबत नाही.

आणखी एक गोष्ट आम्हाला फार महत्त्वाची वाटते. कुत्र्याच्या अंगातलं पाणी किती कमी झालं हे पाहताना हिरड्यांचा ओलावा पाहतात. हे औषध लाळ आटवतं. मग कोरड्या हिरड्या पाणी कमी पडल्यामुळे की औषधामुळे, हे सांगता येत नाही. नाडीचा वेग वाढतो, तीही खूण हातातून जाते. आणि कुत्र्याने काही गिळलं असेल, किंवा आतडं आतड्यात शिरलं असेल, तर वेदना दबून निदानाला उशीर होतो.

अशा वेळी खरं काम पाणी भरून काढण्याचं असतं. १० किलोच्या कुत्र्याच्या अंगातलं पाणी वजनाच्या ५ टक्क्यांनी घटलं असेल, तर तूट ५०० मिलीलिटरची. ती भरायची, वर रोजची गरज आणि जुलाबा-उलट्यांतून जाणारं वेगळं. उलट्या थांबत नसतील, शौचातून रक्त पडत असेल, कुत्रं निपचित पडत असेल किंवा पिल्लू असेल तर घरगुती उपाय करत बसू नका. लोपेरामाइड हे वेगळ्या कुळातलं औषध वळ्या वाढवतं, म्हणून जुलाबात त्याचा उपयोग तरी समजण्यासारखा आहे. पण कोली आणि त्यांच्या जवळच्या काही जातींत एका जनुकातल्या दोषामुळे ते मेंदूत शिरतं आणि गुंगी आणतं, तेव्हा तेही मनाने देऊ नये.

प्रश्न : गायीच्या अंगावर कीटकनाशक पडलं, तिने थोडं चाटलंही. लाळ, हगवण, धाप. डॉक्टरांनी ॲट्रोपिनच्या इतक्या कुप्या दिल्या की मोजता येईनात. गाय वाचली, पण दुसऱ्या दिवशी रवंथ बंद आणि डावी भकाळी फुगलेली. मात्रा चुकली का?

उत्तर : पत्रावरून तरी मात्रा चुकली असं वाटत नाही. गाय वाचवण्याची ती किंमत होती.

ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशकं ॲसिटिलकोलीन मोडणारं विकर (एन्झाइम) निकामी करतात. निरोप एकदा सुटला की संपतच नाही : लाळ, अश्रू, लघवी, हगवण. जनावर मरतं ते मुख्यतः श्वासनलिका आवळून आणि फुप्फुसं पाण्याने भरून. तेव्हा या विषबाधेत ॲट्रोपिन भूल देण्याआधीच्या मात्रेत पुरत नाही. गुरांमध्ये किलोमागे ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम लागतं. ३०० किलोच्या गायीला किलोमागे ०.२५ धरलं तर ७५ मिलिग्रॅम. मिलीलिटरला ०.६ मिलिग्रॅमच्या छोट्या कुप्या वापरल्या तर हे १२५ मिलीलिटर झालं, म्हणजे एक-एक मिलीलिटरच्या १२५ कुप्या. त्यातलं पाव, म्हणजे साधारण ३१ मिलीलिटर, शिरेतून हळूहळू आणि उरलेलं स्नायूत किंवा कातडीखाली. म्हणून तुम्हाला कुप्या मोजता आल्या नाहीत.

विषबाधेची शंका असेल पण खात्री नसेल, तर आधी किलोमागे ०.०२ मिलिग्रॅम शिरेतून देऊन पाहतात. एवढ्याने तोंड कोरडं पडलं, नाडी चढली, बाहुल्या मोठ्या झाल्या, तर या गटाची विषबाधा असण्याची शक्यता कमी. जनावराने दादच दिली नाही, तर मोठ्या मात्रेची तयारी करायची.

पुढचे डोस देताना छातीवर कान ठेवायचा. फुप्फुसातला बुडबुड्यांचा आवाज विरला, श्वास मोकळा झाला की थांबायचं. बाहुलीकडे पाहून मात्रा ठरवू नये, आणि लाळ पूर्ण आटेपर्यंत टोचत राहणं तर चूकच. गायीचं पोट या औषधाला फार हळवं आहे. कोटीपोटाचं (चारा आंबतो त्या पहिल्या मोठ्या कप्प्याचं) आकुंचन मेंदूकडून व्हेगसमार्फत येणाऱ्या निरोपावर चालतं, दोन्ही व्हेगस कापले तर ते थांबतं. निरोगी गायीत ते मिनिटाला एक ते दोन वेळा होतं. त्यातल्या दुसऱ्या आकुंचनाबरोबर ढेकर येते. पोटातले सूक्ष्मजीव मात्र औषध ओळखत नाहीत, ते काम चालूच ठेवतात आणि भरपूर चारा खाल्लेल्या गायीत तासाला ३० ते ५० लिटर वायू तयार होऊ शकतो. ढेकर बंद आणि वायू चालू, भकाळी फुगणारच.

अशा गायीला आडवी पडू देऊ नका. छातीवर, पुढचा भाग किंचित उंच ठेवून बसवा. डाव्या भकाळीवर मूठ दाबून किंवा स्टेथोस्कोप ठेवून पाच मिनिटं मोजा आणि दर दोन तासांनी आकडा लिहून ठेवा. आकुंचन किती वाढतंय हे या आकड्यांवरूनच कळतं. फुगवटा वाढला तर डॉक्टर तोंडातून नळी घालून वायू काढतात. साधा वायू नळीतून सरळ निघतो, नळी नीट घातली तरी निघाला नाही तर तो फेसात अडकल्याचा संशय घ्यायचा. आंबोण आणि धान्य बंद, थोडं गवत पुढे ठेवा. निरोगी गायीच्या कोटीपोटातलं पाणी नळीने देण्याचा उपाय पोट हलू लागल्यावर चांगला उपयोगी पडतो. रवंथ परत यायला दिवस-दोन दिवसही लागतात.

एक इशारा इथेच दिला पाहिजे. पोट चालू करायला निओस्टिग्मिन द्यावं असं कुणी सुचवेल. इतर कारणांनी पोट थंडावलं असेल तर तो विचार होऊ शकतो. या गायीत कदापि नाही. निओस्टिग्मिन त्याच विकराला अडवतं ज्याला कीटकनाशकाने अडवलं. ते दिलं म्हणजे विषबाधेत भर घातली.

ॲट्रोपिनचं काम मस्करिनिक जागांपुरतं. स्नायूंचं फडफडणं आणि अशक्तपणा दुसऱ्या प्रकारच्या रिसेप्टरमुळे असतो, त्यावर त्याचा काही परिणाम नाही. त्यासाठी विकराला विषापासून सोडवणारं प्रालिडॉक्झिम, किलोमागे २० ते ५० मिलिग्रॅम, आणि तेही लवकर. विष विकराला पक्कं चिकटल्यावर त्याचा उपयोग राहत नाही. अंगावर पडलेलं विष हातमोजे घालून साबणाने धुऊन काढल्याशिवाय मात्र कितीही कुप्या पुरणार नाहीत. ते कातडीतून शिरतच राहतं.

प्रश्न : कुत्र्या-मांजरांना भूल देण्याआधी ॲट्रोपिन देतात. गायीला, म्हशीला, शेळीला का टाळतात? त्यांच्या तोंडातून तर जास्त लाळ गळते.

उत्तर : जास्त गळते म्हणूनच. गाय दिवसाला १०० ते १५० लिटर लाळ तयार करते. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या कानाखालच्या मोठ्या लाळग्रंथी मज्जातंतूच्या निरोपाशिवायही पाझरत राहतात, त्यामुळे नेहमीच्या मात्रेत ॲट्रोपिन लाळ पूर्ण थांबवू शकत नाही. पातळ भाग कमी होतो आणि उरते ती चिकट, तारा सुटणारी लाळ. पातळ लाळ तोंडातून वाहून जाते. चिकट लाळ घशात बसते, श्वासनलिकेत ओढली गेली तर काढणं कठीण. जोडीला पोट फुगण्याचा धोका आहेच.

यावर उपाय औषधाचा नाही, मांडणीचा आहे. मोठ्या जनावराला आधी १८ ते २४ तास चारा आणि ८ ते १२ तास पाणी बंद (दूधपित्या वासरा-करडांना एवढं उपाशी ठेवत नाहीत). श्वासनलिकेत फुगा असलेली नळी. मानेखाली जाड गादी अशी ठेवायची की घसा उंच राहील आणि तोंडाचा शेंडा खाली झुकेल. लाळ आणि वर आलेलं पातळ अन्न आपोआप बाहेर गळेल. फुगा काढण्याआधी घसा बोटांनी तपासून साफ करायचा आणि जनावर गिळू लागल्यावरच नळी काढायची. ॲट्रोपिन हृदयाची गती धोक्याइतकी खाली गेली तरच.

कुत्र्या-मांजरांतही ते आता सरसकट देत नाहीत. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाची पकड त्याने सैल होते आणि भुलेत जठरातला आम्लरस वर येतो. ॲट्रोपिनची मात्रा किलोमागे ०.०२ ते ०.०४ मिलिग्रॅम, ग्लायकोपायरोलेटची ०.००५ ते ०.०१. दुसऱ्याचा रेणू विद्युतभारित असल्याने मेंदूत फारसा जात नाही, पण लाळ कितीतरी जास्त वेळ, सात तासांपर्यंत, आटवून ठेवतो. शुद्धीवर आल्यावर कोरडं खाणं घशाखाली उतरत नाही ते यामुळेच.

प्रश्न : घोड्याच्या पोटशुळात हायोसिन चालतं आणि ॲट्रोपिन चालत नाही, असं का? दोन्ही एकाच कुळातली ना?

उत्तर : कूळ एकच, मुक्काम वेगळा. हायोसिन ब्युटिलब्रोमाइड घोड्याच्या आतड्यावर साधारण २० ते ३० मिनिटं टिकतं. ॲट्रोपिन आतडं कित्येक तास गप्प करतं. घोड्याच्या मोठ्या आतड्यात चारा आंबत असतो, वायू सतत होत असतो, आणि घोड्याला उलटी करता येत नाही. तिथे कित्येक तासांची शांतता म्हणजे नव्याने पोटशूळ.

हायोसिनची मात्रा किलोमागे ०.३ मिलिग्रॅम, शिरेतून, सावकाश. मिलीलिटरला २० मिलिग्रॅम असलेलं औषध असेल तर १०० किलोंना १.५ मिलीलिटर, म्हणजे ४५० किलोच्या घोड्याला ६.७५ मिलीलिटर. आतड्याच्या पेटक्याने आलेल्या कळेत ते छान काम करतं. गुदमार्गातून हात घालून तपासताना घोडा कुंथतो आणि आतडं फाटण्याची भीती असते, तेव्हाही ते उपयोगी. आतडं आधीच थंडावलं असेल तर देऊ नये. चारा अडकून कोंडला असेल तर तो पुढे सरकवण्याचं काम या औषधाचं नाही.

घोड्याची नाडी सुई टोचण्याआधी मोजा. पोटशूळ किती गंभीर आहे याचा सगळ्यात भरवशाचा आकडा नाडीचा. विश्रांतीत ती मिनिटाला २८ ते ४४, साठच्या वर गेली की काळजीचं. हायोसिननंतर ती औषधानेच चढते आणि अर्धा तास वा जास्त चढलेली राहते. आधी आकडा लिहून ठेवला नसेल तर पुढचा डॉक्टर एक तर घाबरेल, नाही तर खरी वाढ औषधावर ढकलेल. दुसरं टोक असं की, अर्ध्या तासाने कळ तितक्याच जोराने परत आली तर तेच औषध पुन्हा देण्याऐवजी नाकातून जठरात नळी घालून आणि पोट तपासून कारण शोधायला हवं. घाम मात्र या औषधांनी थांबत नाही. घोड्याचा घाम मुख्यतः ॲड्रिनलिनच्या वाटेने येतो, त्यामुळे घामाच्या खुणेवर त्यांचा फारसा परिणाम होत नाही.

याच पत्राला जोडून दुसऱ्या एका वाचकाने डोळ्यातल्या थेंबांबद्दल विचारलं आहे, तेही इथेच. एक टक्का ॲट्रोपिन म्हणजे मिलीलिटरला १० मिलिग्रॅम. एक थेंब अंदाजे ०.०५ मिलीलिटर, म्हणजे अर्धा मिलिग्रॅम. दर तासाला एक थेंब टाकला तर दिवसाचे १२ मिलिग्रॅम, दोन्ही डोळ्यांत टाकला तर २४. ४५० किलोच्या घोड्यात पहिला आकडाच किलोमागे ०.०२७ पर्यंत जातो. सगळं औषध रक्तात जात नाही हे खरं, पण आतड्याचे आवाज कमी व्हायला थोडंही पुरतं. म्हणून बाहुली मोठी होईपर्यंतच जवळजवळचे डोस, नंतर फक्त ती तशी राहील इतकेच. रोज लिदीचे ढीग मोजा (सहसा आठ ते बारा असतात), दोन्ही कुशींवर वर-खाली अशा चार जागी आतड्याचा आवाज ऐका. ढीग निम्म्यावर आले तर थेंब थांबवून डॉक्टरांना कळवा.

प्रश्न : मांजराच्या डोळ्यात ॲट्रोपिन टाकलं की तोंडाला फेस येतो. औषध तर लाळ आटवणारं! विषबाधा झाली का?

उत्तर : नाही, चव कडू लागली. डोळ्यातलं औषध अश्रूंच्या नळीतून नाकात आणि तिथून घशात उतरतं. कडू चवीने मांजराला लगेच फेसाळ लाळ सुटते, रक्तात शिरून ग्रंथी अडवायला औषधाला वेळ लागतो. शक्य असेल तर डॉक्टरांना मलम मागा. थेंबच असतील तर टाकल्यावर डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यावर मिनिटभर बोट हलकं दाबून ठेवा. मात्र थेंब मोजूनच टाका : ४ किलोच्या मांजरात एका थेंबातला अर्धा मिलिग्रॅम म्हणजे किलोमागे ०.१२५, भुलेआधीच्या मात्रेच्या तिप्पट ते सहापट. सगळा शोषला जात नाही म्हणून निभावतं. मांजर शौचाला जाईनासं झालं किंवा खाणं सोडलं तर थेंब थांबवायला हवेत.

प्रश्न : सशाला ॲट्रोपिन लागू पडत नाही हे खरं का?

उत्तर : बऱ्याच सशांत खरं. त्यांच्या रक्तात ॲट्रोपिन मोडणारं विकर असतं. ते आनुवंशिक आहे, सगळ्यांत नसतं, आणि समोरच्या सशात आहे की नाही हे दिसून कळत नाही. याच विकराच्या बळावर काही ससे बेलाडोनाची (जिच्यात ॲट्रोपिन असतं त्या वनस्पतीची) पानं खाऊनही ठीक राहतात. म्हणून सशात ग्लायकोपायरोलेट पसंत करतात, ते या विकराने मोडत नाही.

मोडत नाही म्हणजे आतड्यावर टिकतंही, आणि सशाचं आतडं थांबणं ही हलकी गोष्ट नव्हे. आतड्याची चाल मंदावली की ससा खात नाही, खात नाही म्हणून चाल आणखी मंदावते, आंधळ्या आतड्यातल्या जंतूंचा तोल बिघडतो. भुलेआधी सशाला तास-दोन तासांपेक्षा जास्त उपाशी ठेवू नका. त्याला उलटी होत नाही, त्या भीतीचं कारण नाही. शुद्धीवर येताच गवत पुढे ठेवा आणि लेंड्या पाहा. बारा तास काही खाल्लं नाही किंवा लेंड्या बंद झाल्या, तर सकाळची वाट पाहू नका.

प्रश्न : ही औषधं पाचकरस कमी करतात. मग जठराच्या अल्सरवर का वापरत नाहीत?

उत्तर : कारण आम्लापर्यंत पोचेपर्यंत बाकी सगळं बिघडून जातं. मात्रा वाढवत गेलं की आधी लाळ आटते, मग हृदय आणि बाहुली, त्यानंतर आतडं आणि मूत्राशय, आणि सगळ्यात शेवटी जठराचं आम्ल. शिवाय आम्ल करणाऱ्या पेशीला तीन वाटांनी सांगावा येतो : ॲसिटिलकोलीन, गॅस्ट्रिन आणि हिस्टामिन. एक वाट अडवून दोन मोकळ्या राहतात. ओमेप्राझोल त्या तिन्हींच्या पलीकडे, आम्ल बाहेर सोडणाऱ्या पंपालाच थांबवतं. कुत्र्यात किलोमागे १ मिलिग्रॅम आणि घोड्याच्या अल्सरवर ४ मिलिग्रॅम ही त्याची रुळलेली मात्रा. त्यात ॲट्रोपिनसारखी औषधं जठर रिकामं व्हायला उशीर लावतात, म्हणजे आम्ल जास्त वेळ तिथेच.

स्वादुपिंडाचंही असंच. बेलिस आणि स्टारलिंग या शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी १९०२ मध्ये कुत्र्याच्या आतड्याच्या तुकड्याचे मज्जातंतू तोडून त्यात आम्ल सोडलं, तरी स्वादुरस वाहिला. तो सांगावा सिक्रेटिन या संप्रेरकाने रक्तातून नेला होता. मज्जातंतूचा निरोप अडवणारं औषध त्या वाटेत येत नाही. लाळग्रंथीबद्दल तर हायडेनहाइन यांनी १८७२ मध्येच दाखवलं होतं की ॲट्रोपिननंतर मज्जातंतू उत्तेजित केला तर लाळ येत नाही, पण ग्रंथीतला रक्तप्रवाह वाढतोच.

प्रश्न : वाळलेल्या चाऱ्यात धोतरा गेला असावा अशी शंका आहे. म्हैस तहानलेली, तोंड कोरडं, शेण जवळजवळ बंद. कीटकनाशकाची बाधा तर नसेल?

उत्तर : लक्षणं कीटकनाशकाच्या बरोबर उलट आहेत. तिथे लाळ आणि हगवण, इथे कोरडं तोंड आणि थांबलेलं शेण. बाहुल्या पाहा : मोठ्या झालेल्या आणि उजेडाला न आकुंचणाऱ्या असतील, नाडी जलद असेल, तर धोतऱ्याचा संशय पक्का. त्यात हायोसायमिन आणि स्कोपोलामिन असतं, म्हणजे जनावराने ॲट्रोपिनचंच भावंड खाल्लं आहे. अशा म्हशीला कुणीही ॲट्रोपिन टोचू नये, म्हणून तुमची शंका डॉक्टरांना आल्याआल्या सांगा.

हिरवा धोतरा जनावरं सहसा तोंडात घेत नाहीत. वाळून चाऱ्यात मिसळला की वास जातो, विष जात नाही. उरलेला चारा लगेच बाजूला काढा आणि हाताने उलगडून पाहा : काटेरी बोंडं, चपटी, मूत्रपिंडाच्या आकाराची तपकिरी ते काळी बिया. सापडल्या तर काही बिया पिशवीत भरून डॉक्टरांना दाखवा. जठरात विष अजून असेल तर डॉक्टर नळीने किलोमागे १ ते २ ग्रॅम सक्रिय कोळसा देतात. पोट थंडावलेलं असल्याने विष आत जास्त वेळ रेंगाळतं, त्यामुळे उशिरा दिलेला कोळसाही वाया जात नाही. गंभीर बाधेत फायसोस्टिग्मिन हा उतारा आहे, पण तो हृदयावर नजर ठेवून डॉक्टरांनीच द्यायचा. म्हैस छातीवर बसलेली ठेवा, पाणी पुढे ठेवा, भकाळी फुगते का ते पाहत राहा. शेण आणि रवंथ सुरू झाल्याशिवाय धान्य देऊ नका. त्याच ढिगातला चारा दुसऱ्या जनावरांपुढे, विशेषतः घोड्यापुढे, टाकू नका.